पायलटचा अबोला

अंतराळयानात सहा माणसं होती आणि सहाही शहाणी होती. मालिकेला नडलं ते हेच.

लेखिकेनं त्यांना तसंच घडवलं होतं. परत न येणाऱ्या प्रवासाला निघालेली, वर्षानुवर्षं शिकून तयार झालेली, राग आला तरी आधी हातातलं काम संपवणारी माणसं. पायलटनं काही सूचना दिली की इंजिनियर ती शब्द न् शब्द परत म्हणून दाखवायचा, मगच बटणाला हात लावायचा. हवेचा साठा कमी झाला तेव्हा कॅप्टन ओरडला नाही की रडला नाही. सगळ्यांना बसवलं आणि कोणाकोणाला कमी हलून भागेल ते विचारलं. एका भागात तर सगळे मिळून एक गळकी नळी दुरुस्त करतात, बाकी काही घडतच नाही. लेखिकेच्या मते तो सगळ्यांत चांगला भाग. चॅनलच्या मते त्या भागात प्रेक्षकांनी उठून भांडी घासून घेतली.

सेटही बेताचा होता. प्लायवूड, चंदेरी कागद आणि दिव्यांच्या माळा. सुतार त्याला 'डबा' म्हणत. कॅप्टनची भव्य खुर्ची एका बाजूला डुगडुगायची, म्हणून तो सगळ्या गंभीर गोष्टी उजवीकडे झुकून बोलायचा. प्रेक्षकांना वाटे, माणूस विचारी आहे.

तर पाहणारे थोडेच होते. पण त्यांच्यातला एक जण एकही भाग चुकवत नसे. तो लेखिकेचा धाकटा भाऊ. लेखिका ऑफिसात मॅडम, घरी ताई. खरं सांगायचं तर ते सहा शहाणे तिनं ह्या एका प्रेक्षकासाठीच जन्माला घातले होते.

धाकटा पुढच्या खोलीत बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायचा. मान खाली. कोणी आलं तरी खाली, आईनं ताट आणून ठेवलं तरी खाली. संध्याकाळी मालिका लागली की मात्र वर बघायचा. पायलट सांगतो आणि इंजिनियर परत म्हणतो, तिथं तो स्वतःशीच मान हलवायचा. "बरोबर करतात," असं एकदा म्हणाला होता. त्याच्या मानानं हे भाषण झालं.

आधी तो कागद गिरणीच्या बॉयलरवर होता. तिथं पाळी बदलताना एक रीत होती. जाणारा माणूस येणाऱ्याला तोंडी सांगे: काय चालू, काय बंद, कशाला हात लावायचा नाही. येणारा तेच मोठ्यानं परत म्हणे, मग जाणारा घरी जाई. पुढं धाकट्याचं आणि त्याच्यानंतरच्या पाळीला येणाऱ्या जोडीदाराचं बिनसलं, बोलणं बंद झालं, तरी रीत मोडली नाही. फक्त वाकडी झाली. दोघांच्या मध्ये यंत्रांना तेल घालणारा माणूस उभा राही. धाकटा तेलवाल्याकडे बघून म्हणे, त्याला सांग, पंप गरम होतोय. जोडीदार तिथंच हातभर अंतरावर उभा असे, पण तेलवाला बोलेपर्यंत बहिरा. मग तोही तेलवाल्याकडे बघूनच परत म्हणून दाखवी. बाकीच्या कामगारांची फुकटात करमणूक. साहेबांनीही एकदा पाहिलं आणि काम होतंय ना, म्हणून सोडून दिलं. दोघंही चांगले बाप्ये, मिशा पिकायला लागलेले.

मग एका दुपारी तेलवाल्याची दाढ दुखली आणि तो आला नाही.

धाकट्यानं दुरुस्तीसाठी वाफेच्या एका नळीचा जोड सैल करून ठेवला होता. तिकडची झडप उघडायची नव्हती. जोडीदार आला, पिशवी खिळ्याला अडकवली, शर्ट बदलला. धाकट्यानं तेलवाल्याच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, मग दाराकडे, आणि निघाला. तो फाटकापर्यंत पोचला नसेल, तोवर जोडीदारानं झडप उघडली. सैल जोड झडपेच्या बरोबर वर होता, तोंडासमोर.

चौकशीत धाकट्याला एकच प्रश्न आला: त्याला सांगितलं होतंस का? तो म्हणाला, सांगितलं होतं. तेलवाला नव्हता, मग कसं सांगितलं, हे कोणी विचारलं नाही. पुढचं सगळं त्या दोन शब्दांवर उभं राहिलं. सूचना मिळूनही दुर्लक्ष, असं मेलेल्या माणसाच्या खाती पडलं आणि गिरणीत त्याचं नाव निघालं की लोक म्हणू लागले, धांदरट होता बिचारा. जिवंत माणसाच्या खाती काहीच पडलं नाही. ते काहीच-नाही तो अजून फेडत होता. नोकरी त्यानं आपणहून सोडली. खरं काय ते त्यानं एकट्या ताईला सांगितलं, तेही तिच्याकडे न बघता. आईला वाटे, पोरानं मित्राचं मरण मनाला लावून घेतलं.

इकडे चॅनलनं मालिकेवर एक कथाप्रमुख आणून बसवला. वयानं ताईचा मुलगा शोभावा असा. रोज सकाळी तो भिंतीवर नवा आलेख चिकटवी, म्हणून सगळे त्याला ग्राफसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. समोर दोन माणसं गप्प बसलेली दिसली की त्याला वाटे आपली नोकरी चालली, एवढंच. त्यानं निदान केलं की यानात घरपण नाही. आणि त्याच्या मते घरपण म्हणजे कटकट.

मग सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी पायलटचं कौतुक आधी केलं म्हणून कॅप्टन जेवेना. त्यावरून डॉक्टरीणबाई हवेच्या खोलीत कडी लावून रडत बसल्या आणि बाहेर पाच जण दार ठोठावत उभे. यान त्या वेळी कोण चालवत होतं हे विचारायचं नाही. पायलट आणि इंजिनियर खिडकीशेजारच्या जागेवरून हातघाईवर आले. परत न येणाऱ्या प्रवासाला निघालेली माणसं सहलीच्या बसमधल्या पोरांसारखी वागू लागली आणि भिंतीवरची रेघ अशी वर चढली की ग्राफसाहेबांना वर नवा कागद जोडावा लागला. एका टीकाकारानं लिहिलं की चांगलं यान पोरकट माणसांच्या हाती दिलं. ताईनं ते बैठकीत वाचून दाखवलं. ग्राफसाहेब म्हणाले, टीकाकार हा फार तर एक प्रेक्षक झाला.

घरी आई आता सरसावून बसायची. एकेकाला दोन ठेवून दिल्या पाहिजेत, असं म्हणायची आणि पाणी प्यायलाही उठायची नाही. धाकटा मात्र पुन्हा मान खाली घालून स्क्रू पिळू लागला. एकदा त्यानं विचारलं, ते परत म्हणून दाखवायचं का बंद केलं? वेळ वाचतो, ताई म्हणाली. त्यानं मान डोलावली.

मग बैठकीत मागणी आली. पायलट-इंजिनियरचा अबोला ताणायचा, भरपूर ताणायचा आणि शेवटी त्यातून एक मरण काढायचं. कुठली तरी नळी नादुरुस्त आहे, पायलटला माहीत आहे, पण तो फुगून बसलाय म्हणून सांगत नाही, आणि इंजिनियर जातो. खोलीतल्या सगळ्यांना कल्पना पसंत पडली. एकट्या ताईला नाही.

तिनं विरोध केला, आणि चांगला केला. इतकी शिकलेली माणसं असं करत नाहीत. एकाच्या जिवाचा प्रश्न असेल तर कोणीही मोठं माणूस रुसवा बाजूला ठेवतं. असं कोणी करतं हे प्रेक्षक मानणारच नाहीत. ती बोलत राहिली, आवाज चढत गेला आणि खोली जरा अवघडली.

"मॅडम," ग्राफसाहेब शेवटी म्हणाले, "तुम्ही माणसांना फार मोठं समजता."



घरी येताना तिनं मनातल्या मनात राजीनामा लिहिला, आणि तो बराच बरा जमला होता. आई शेजारी गेली होती. धाकट्यासमोर एका टेबलफॅनचं पोट उघडं पडलं होतं. मी सोडतेय, असं सांगून तिनं कारणही सांगितलं. त्यानं पात्याची धूळ पुसली.

"तू लिही," तो म्हणाला. "दुसऱ्यानं लिहिलं तर तो पायलटला विसराळू करेल. मी विसरलो नव्हतो."

ताई खाली बसली.

"मला वाटलं, तो विचारेल," धाकटा म्हणाला. "काय रे, काही सांगायचंय का, एवढं म्हणाला असता तर सांगितलं असतं. फाटकापर्यंत माझे कान मागेच होते. आता हाक मारेल, मग मारेल. त्यानं आधी बोलावं असं मला वाटत होतं. बाकी काही नाही."

मग त्यानं तिच्याकडे सरळ बघितलं. असं फार दिवसांत झालं नव्हतं.

"आणि पुढच्या भागात पायलटला सांगायला लाव. इंजिनियरच्या पृथ्वीवर राहिलेल्या बायकोला. मी कितीदा तिच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आलोय, ताई. सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. तू लिही, मी बघतो. तसं मी जाऊन सांगेन."

ताईनं आजवर चॅनलसाठी लिहिलं होतं, पोटासाठी लिहिलं होतं, मधूनमधून स्वतःच्या हौसेसाठीही लिहिलं होतं. पण कोणी जाऊन तसंच्या तसं बोलणार आहे म्हणून कधी लिहिलं नव्हतं. मरणाचा भाग तिनं एका बैठकीत लिहिला. पायलटचे कान मागे आहेत, हेही लिहिलं. भांडणाचं कारण मात्र तिचं तिनंच घातलं: इंजिनियरनं पायलटच्या आईचा आवाज असलेली एकुलती एक ध्वनिफीत पुसून टाकली होती. तिच्या भावानं काही क्षुल्लक गोष्टीसाठी असं केलं नसणार, हे तिनं गृहीतच धरलं होतं. खरं कारण विचारायचं तिला सुचलंही नाही. कबुलीचा भाग लिहिताना मात्र ती अडत राहिली. पायलटनं आधी स्वतःचं नाव सांगावं की मेलेल्याचं? माफी मागावी की मागू नये? शेवटी तिनं माफी काढून टाकली. मागणाऱ्याला तेवढं मोकळं वाटतं, ऐकणारीला काय मिळतं? राहिली चारच वाक्यं. ती धाकट्याला झेपतील अशी होती.

मरणाचा भाग लागला. पायलट दारातून बाहेर पडतो, थबकतो, चालू लागतो. चौकशीत म्हणतो, मी सांगितलं होतं.  हा आता काय करणार गं, असं आईनं ताईला विचारलं. उत्तर धाकट्यानं दिलं.

"सांगेल. उद्या सांगेल."

त्या रात्री तो आईबरोबर स्वयंपाकघरात बसून जेवला.

आता इंजिनियरचं काम करणाऱ्या नटाला गालावर खळी होती. ही खळी किती मोलाची आहे याचा अंदाज खुद्द ग्राफसाहेबांनाही नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळपासून चॅनलचे फोन थांबेनात. शाळकरी मुली रडत होत्या, त्यांच्या आया शिव्या देत होत्या. ताई सेटवर पोचली तेव्हा डब्यात वेगळेच दिवे लागले होते आणि इंजिनियर कपाळाला इवलीशी पट्टी लावून चहा पीत बसला होता. तो मेलाच नव्हता म्हणे. आपत्कालीन पोशाखात जाऊन लपला होता, पायलटची गंमत करायला. तो बाहेर येणार, पायलट कान पकडणार, दोघं गळ्यात पडणार, कॅप्टन डोळे पुसणार. ताईची चार वाक्यं चित्रित होऊन पडली होती. ती संध्याकाळच्या भागातून काढली होती.

ती ग्राफसाहेबांशी भांडली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना खरंच कळत नव्हतं की ही बाई रडायला का लागली.

"माफी तर मागतोय ना तो, मॅडम," ते समजुतीनं म्हणाले. "चटकन मागतो, इतकंच."

हे घरी सांगायला हवं होतं. फोन होता, दुपार हातात होती. ती संध्याकाळी घरी आली, धाकट्यानं इस्त्रीचा शर्ट घातलेला बघितला, त्याच्या शेजारी बसली, आणि तो काही विचारेल तेव्हा सांगू असं तिनं ठरवलं. त्यानं काही विचारलं नाही.

इंजिनियर बाहेर आला तेव्हा आईनं टाळ्या वाजवल्या. "मेला नाही गं, जिवंत आहे मेला," असं म्हणून ती आपल्याच बोलण्यावर हसली. पायलटनं कान पकडले. खळी पडली. धाकटा शेवटपर्यंत, जाहिरातीसुद्धा, बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रस्ता विचारावा आणि समोरच्यानं नुसतं हसून निघून जावं, तसा दिसत होता.

"उद्या सकाळी माझ्याबरोबर येशील?" तो म्हणाला. "तुझी वाक्यं नकोत आता. असंच जाऊ."

जोडीदाराची बायको दुसऱ्या मजल्यावर राहायची. दार उघडंच होतं. ती खिडकीच्या गजांना रंग देत होती. साडीचा पदर खोचलेला, हातात ब्रश, खाली वर्तमानपत्रं पसरलेली. धाकट्याला तिनं लगेच ओळखलं, आणि तिचा चेहरा चक्क उजळला. ह्यांच्या कामावरचं आता कोणी फिरकत नाही, असं म्हणत तिनं कोपरानं खुर्ची पुढं ढकलली. धाकटा बसला नाही.

"वहिनी, मी सांगितलं नव्हतं."

तिला कळेना. मग त्यानं सांगितलं. सुरुवात मधूनच झाली, तेलवाल्याच्या दाढेपासून. मागे गेला, पुढे आला, फाटकाशी दोनदा पोचला. पण सगळं सांगितलं. चौकशीतले दोन शब्दही. ती ऐकत होती आणि ब्रशवरचा रंग वर्तमानपत्रावर ठिपकत होता.

"म्हणजे ते धांदरट नव्हते," ती म्हणाली.

"नव्हते."

"मी कधी म्हटलंच नव्हतं. तुम्ही लोक म्हणत होतात."

तिनं ब्रश डब्याच्या कडेवर नीट आडवा ठेवला. हात पुसले.  मग तिनं विचारलं की भांडण कशावरून झालं होतं.

"उशीवरून," धाकटा म्हणाला.

बॉयलरजवळ लोखंडी स्टूल होतं. बसायला टोचतं म्हणून धाकट्यानं घरून उशी नेली होती. जोडीदारानं एकदा तिला तेलाचे हात पुसले. धाकट्यानं ती धुऊन आण म्हटलं. जोडीदारानं चार लोकांत ती त्याच्या डोक्यावर ठेवून सांभाळा महाराज, तुमची गादी, असं म्हटलं. लोक हसले. त्या दिवसापासून अबोला. ताईनं भावाकडे बघितलं. तिलाही हे आत्ताच कळत होतं.

वहिनी थांबून राहिली. आणखी काही येईल म्हणून थांबली असावी.

"मग?"

"मग काही नाही. एवढंच."

"एवढ्यावरून माणूस मरत नाही," ती म्हणाली. "दुसरं काहीतरी असेल. पैशांचं असेल, बाईचं असेल. त्यांनी तुमचं काही वाईट केलं असेल. मला राग नाही येणार. काहीतरी मोठं सांगा."

धाकटा उभाच होता. ताईनं तोंड उघडलं. कारणं घडवणं हा तिचा धंदा, आणि समोर गिऱ्हाईक हात पसरून उभं होतं. पण भावानं मान हलवली आणि तिनं तोंड मिटलं.

जिन्यावर पावलं वाजली. वहिनीनं पदर सोडला, दोन पावलं पुढं आली आणि हलक्या आवाजात, जवळजवळ विनवून म्हणाली, "पोरगी आली. बाबांची चूक नव्हती हे तिला सांगा. ते उशीचं सांगू नका."

मुलगी आत आली. नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत, रात्रपाळी करून, डोळे चुरचुरत असलेली. पाहुणे बघून तिनं चपला दारातच काढल्या आणि आईकडे बघितलं.

"हे बाबांबरोबर कामाला होते," आई म्हणाली. "बाबांना कोणी सांगितलंच नव्हतं. चूक बाबांची नव्हती."

"मग कोणाची होती?"

"माझी," धाकटा म्हणाला. "आमचा अबोला होता. म्हणून नाही सांगितलं."

मुलीनं खांद्यावरची पर्स काढली नाही. ती दवाखान्यात काम करायची. वाईट बातमी ऐकताना माणूस जसा स्थिर उभा राहतो तशी उभी राहिली. कशावरून, तिनं विचारलं.

वहिनी धाकट्याकडे बघत होती. मग ताईकडे. मग पुन्हा धाकट्याकडे.

"उशीवरून," तो म्हणाला.

मुलगी हसली. अगदी सहज, फस्सकन, दमलेलं माणूस हसतं तशी. आणि मग खोलीतलं दुसरं कोणीच हसत नाही हे बघून थांबली.